तंबोरा बोलेनासा झालाय? आधी दोरा बघा

तंबोऱ्याचा आवाज दबला की अनेकजण थेट मिरजेचा रस्ता धरतात. सतारमेकर तिथे आहेत हे आपल्या सांगली भागाचं भाग्यच; 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बऱ्याचदा दोष जवारीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या घासून दिलेल्या बाकात नसतो; तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेल्या दोऱ्यात असतो.

घोडीवरची धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसा. जुना, चपटा झालेला दोरा काढून टाका आणि तारा आधी दोऱ्याशिवाय खुंटीवर सुरात आणा. मग साध्या सुती दोऱ्याचा तुकडा एका तारेखाली घाला. तार हलक्या बोटाने छेडत राहा, दुसऱ्या हाताने दोरा केसभर मागेपुढे सरकवा. एका जागी तार एकदम खुलते, गुंजन लांबत जातं. तिथेच थांबा! प्रत्येक तारेची जागा वेगळी असते, म्हणून घाई नको. खर्जाला, म्हणजे सर्वात खालच्या सुराच्या तारेला, थोडा जाड दोरा चालतो. दोरा हलला की सूर किंचित सरकतो. तो तारेत ओवलेल्या मण्याने जुळवून घ्या.

एवढं करूनही तार खुलली नाही आणि घोडीवर तारेची खाच दिसत असेल, तर मात्र कारागीरच हवा. घरी पॉलिशपेपर मुळीच लावू नका. घासलेली घोडी परत भरून येत नाही.