मे महिन्यातलं रक्तदान शिबिर क्लबाने कसं उभं करावं

रोटरी असो, लायन्स असो की जायंट्स, तालुक्याच्या गावातला प्रत्येक सेवाभावी क्लब वर्षातून एकदा रक्तदान शिबिर घेतोच. बहुतेकांचं ते जुलैत होतं, कारण १ जुलैला नवा अध्यक्ष बसतो आणि उत्साह ताजा असतो. नाहीतर १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनाचा मुहूर्त धरून. माझं आग्रहाचं सांगणं आहे की निदान एक शिबिर मे महिन्यात घ्या.

बार्शीत दवाखान्यांच्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. मे लागला की हातात चिठ्ठी घेऊन नातेवाईक पायरीवर येतात, "ताई, रक्त कुठं मिळंल?" कॉलेजं बंद, पोरं गावाला गेलेली, घरोघरी लग्नं, वर ऊन. नेहमीचे रक्तदाते असे पांगलेले असतात आणि गरज मात्र तेवढीच राहते. थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या जन्मजात आजाराच्या) मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, त्याला उन्हाळी सुट्टी नसते. साठवून ठेवायचं म्हटलं तर लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. म्हणून एका दिवशी पाचशे पिशव्यांचा विक्रम करून फ्लेक्स लावण्यापेक्षा टंचाईच्या आठवड्यातल्या साठ पिशव्या मला जास्त मोलाच्या वाटतात. शिबिराची तारीख क्लबाच्या कॅलेंडरवरून काढू नका. रक्तकेंद्रात जाऊन तंत्रज्ञांनाच विचारा, "तुमचा फ्रीज कुठल्या आठवड्यात रिकामा होतो?" ते बरोबर सांगतात.

पण मे महिन्यात साठ माणसं उन्हातून आणायची तर नुसता व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून भागत नाही. सभासदांनी सभासदांसाठी धावणं लागतं, आणि ते धावणं तयार होतं दर आठवड्याच्या मिटिंगमध्ये. रोटरीचा जन्मच तसा झाला. पॉल हॅरिस हा लहान गावातून शिकागोत आलेला वकील. शहरात एकटा पडला, म्हणून २३ फेब्रुवारी १९०५ ला तीन ओळखीच्या माणसांना घेऊन बसला. आळीपाळीने, इंग्रजीत म्हणायचं तर ‘रोटेशन’ने, एकेकाच्या कचेरीत भेटायचे, त्यावरून रोटरी. त्यांचं पहिलं सेवाकार्य, शिकागोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं, १९०७ चं. आधी माणसं एकमेकांची झाली, कामं मागून आली.

तेव्हा पहिली तयारी फेलोशिपची, म्हणजे सभासदांच्या आपसातल्या मैत्रीची. मिटिंगची घंटा ठरलेल्या वेळी वाजली पाहिजे, अध्यक्षांच्या शेजारच्या खुर्चीवर पाहुणे आले नसले तरी. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलात की वेळेवर आलेल्याचा अपमान होतो आणि पुढच्या वेळी तोही उशिराच येतो. नव्या सभासदाला त्याला आणणाऱ्या मित्राजवळ बसवू नका. दर आठवड्याला वेगळ्या माणसाशेजारी बसवा. वाढदिवसाच्या, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला विसरू नका. दोन मिटिंगा कुणी दिसलं नाही तर सचिवाने स्वतः फोन करावा, आणि हजेरीचा विषय न काढता घरचं सगळं ठीक आहे ना एवढंच विचारावं. मला क्लबात घेतलं तेव्हा मिटिंगला बायका आम्ही दोघीच होतो. (रोटरीने जगभर स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं ते १९८९ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर.) त्या वेळी एका ज्येष्ठ सभासदाने दर मिटिंगला मुद्दाम माझं मत विचारलं. आज मी शिबिरासाठी पहाटे उठते त्यात त्या विचारण्याचा मोठा वाटा आहे.

आमच्या भागातल्या क्लबांना माझी खास शिफारस म्हणजे हुरडा. बार्शीची ज्वारी नावाजलेली. डिसेंबर-जानेवारीत कणीस दुधात आलं की एखाद्या सभासदाच्या रानात सहकुटुंब जायचं. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, गरम गरम तळहातावर चोळून दाणे पाखडायचे आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही घेऊन तिथंच गोल करून बसायचं. त्या दिवशी माईक नको, अहवाल नको, पाहुण्यांचा सत्कार तर नकोच. आगटीभोवती बसल्यावर कळतं की सीएसाहेबांच्या सूनबाई नर्सिंग शिकलेल्या आहेत, अडत दुकानवाल्या अण्णांना मार्केट यार्डातला प्रत्येक हमाल नावानिशी ओळखतो, मुलांमधल्या कुणाचं अक्षर सुरेख आहे. ही माहिती सभासद नोंदणीच्या फॉर्मवर कधीच मिळत नाही. मे महिन्याच्या कामाची वाटणी मी जानेवारीत, हुरडा चोळताना मनात करून ठेवते.

आता शिबिर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परवानाधारक रक्तकेंद्राशी तारीख पक्की करा. खाटा, पिशव्या, डॉक्टर, तंत्रज्ञ त्यांचे असतात. जागा, वीज, पाणी, माणसं आणि नाश्ता आपला. त्यांना दोन गोष्टी आधीच विचारा. रक्ताचे घटक (लाल पेशी, प्लेटलेट असे) वेगळे करणार का, आणि कुठे? घटकांसाठी रक्त साधारण ६ ते ८ तासांत तिथवर पोहोचावं लागतं, त्यामुळे परगावचं केंद्र असेल तर गाडी किती वाजता निघणार हे ठरवूनच शिबिराची वेळ धरा.

हॉल तळमजल्यावरचा, हवेशीर, आत स्वच्छतागृह असलेला हवा. मे महिन्यात वीज जाणारच असं धरून जनरेटर सांगून ठेवा. वेळ सकाळी साडेसात ते साडेअकरा. बाराच्या उन्हात कुणाला घरी पाठवायचं नाही. हिशोब असा: पिशवी भरायला ८-१० मिनिटं, पण चढणं-उतरणं धरून एका खाटेवर तासाला तीन जण. पाच खाटा आणि चार तास म्हणजे साठ. यापेक्षा जास्त माणसं एकदम बोलावलीत तर लोक रांगेत ताटकळतात, आणि ताटकळलेला माणूस पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. म्हणून वेळा वाटून द्या. दर अर्ध्या तासाला सात-आठ जण.

बोलावण्याचं काम असं करा. प्रत्येक सभासदाने पाच माणसं स्वतः फोन करून सांगायची, गटात मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही. फोनवरच विचारायचं: वय १८ ते ६५ मध्ये आहे ना? वजन ४५ किलोच्या वर? मागचं रक्तदान होऊन पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२० दिवस झालेत? वर्षभरात टॅटू काढलाय का? काही गोळ्या चालू आहेत का? आणि मे महिन्यात हे तर हमखास विचारायचं, उपास आहे का? उपाशीपोटी रक्त द्यायचं नाही. घरून खाऊन यायला सांगा, आदल्या रात्री जागरण नको. लग्नाची वरात नाचून आलेल्याला डॉक्टर परत पाठवतात आणि बरोबरच करतात.

यार्डातले हमाल मोठ्या मनाने येतात, पण त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. रक्त देऊन त्या दिवशी पाठीवर पोती उचलणं धोक्याचं, आणि न उचलली तर दिवसाची मजुरी जाते. अण्णांनी सुचवलं तेव्हापासून आम्ही यार्ड बंद असेल तोच दिवस धरतो. तुमच्या गावात विटभट्टी असेल, साखर कारखाना असेल, तिथला सुट्टीचा दिवस बघा.

भेटवस्तूंचा मोह टाळा. हेल्मेट, बॅग, मिक्सर वाटले की त्यासाठी माणूस आपला आजार लपवतो आणि तो लपवलेला आजार दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरं, पण संसर्ग अगदी नुकता झालेला असेल तर तपासणीतून निसटू शकतो. खरं सांगणारा दाता ही पहिली चाळणी. प्रमाणपत्र आणि दाता-कार्ड पुरे. डॉक्टर प्रश्न विचारतात ते टेबल पडद्याआड ठेवा. शेजारी मेव्हणा उभा असताना कुणी खरं बोलत नाही.

आता जिथे सगळ्यात जास्त जीव लावायला हवा ते सांगते. हिमोग्लोबिन १२.५ लागतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं ते तेवढं नसतं. एका शिबिरात एक ताई पहिल्यांदाच आल्या होत्या, नवीन साडी नेसून, मुलीला दाखवायला बरोबर घेऊन. बोटाला टोचलं, आकडा आला ९.८. तंत्रज्ञ घाईत "चालणार नाही, पुढचे" म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. सीएसाहेबांच्या सूनबाईंनी त्यांना हाताला धरून नाश्त्याच्या टेबलावर नेलं, आकडा कागदावर लिहून दिला, त्याचा अर्थ समजावला आणि सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात हे सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे "परत पाठवलेल्यांची खुर्ची" ठेवतो आणि तिच्यावर कायम एक बाई नेमलेली असते. तिथे बसवून प्रत्येकीला सरबत मिळतं, आकड्याची चिठ्ठी मिळते, आणि चार महिन्यांनी आम्ही फोन करतो. त्या ताईंनी पुढे रक्त दिलं. पण दिलं नसतं तरी खुर्ची ठेवलीच असती, कारण आपल्याला अशक्तपणा आहे हे त्या घरात पहिल्यांदा कळलं.

नाश्त्याचं टेबल सभासदांच्या घरच्यांकडे द्या, केटररकडे नको. लिंबू सरबत, पारले-जी, केळी, राजगिऱ्याचा लाडू. दात्याला दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवणं हे त्या टेबलाचं खरं काम, आणि ते गप्पांनीच होतं. कुणाला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवं करा, पाय उंच करा, गळ्याचं बटण सोडा, डॉक्टरांना हाक मारा. भोवती गर्दी करू नका. एकट्याने मोटारसायकलवर आलेल्याला लगेच किल्ली देऊ नका. आमच्या रोटरॅक्टच्या (रोटरीच्या तरुणांच्या क्लबाच्या) पोरांकडे तेवढंच काम असतं, गाडी लावून घेणं आणि किल्ली आपल्याजवळ ठेवणं.

उद्घाटन पाच मिनिटांत उरका. दीपप्रज्वलन, राष्ट्रगीत, आणि पहिला दाता खाटेवर. पाहुण्यांचं भाषण हवंच असेल तर ते रक्त देऊनच बोलतील असं निमंत्रणातच ठरवा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक दात्याला फोन जायला हवा. ज्याने बोलावलं त्यानेच करायचा: चक्कर आली का, हात दुखतो का, पाणी पिताय ना. साठ फोन एकट्या सचिवाला जड, बारा जणांना पाच-पाच सहज होतात. त्या आठवड्याची मिटिंग फक्त शिबिराची ठेवा. खर्चाचा कागद सगळ्यांसमोर वाचा, मंडप कुणी दिला, जनरेटर कुणी दिला ते नावासकट. मग जनरेटर सांभाळणाऱ्या पोरापासून सरबत ढवळणाऱ्या आजींपर्यंत प्रत्येकाला एकदा बोलू द्या. अध्यक्ष सगळ्यात शेवटी बोलतील.

आणि वही. नाव, रक्तगट, फोन, शेवटच्या रक्तदानाची तारीख, परत पाठवलं असेल तर कारण. कारणाचा रकाना फक्त सचिव आणि डॉक्टर सभासदाने बघायचा, ती वही मिटिंगमध्ये फिरवायची नाही. ३० जूनला पदं बदलतात, त्याच्या आत नव्या सचिवाला शेजारी बसवून ती पानन्‌पान समजावून द्या. निगेटिव्ह रक्तगटांची वेगळी यादी पहिल्या पानावर असू द्या. रात्री दोनला फोन येतो तेव्हा पानं उलटायला वेळ नसतो.