जीनोम ब्राउझरवर एक जनुक कसे वाचावे

मानवी जीनोमची, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएची, रचना पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून समजून घेण्यापेक्षा एखादे जनुक त्याच्या जागी जाऊन पाहिले, तर ती पक्की ध्यानात राहते. त्यासाठी यूसीएससी जीनोम ब्राउझर हे विनामूल्य संकेतस्थळ पुरेसे आहे. सुरुवातीला एचबीबी, म्हणजे हिमोग्लोबिनमधील बीटा ग्लोबिन साखळीचे जनुक घ्यावे. ते आटोपशीर आहे, आणि विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकाराचे मूळ त्यातच आहे.

प्रथम मानवी जीनोमची एचजी३८ ही आवृत्ती निवडावी. आवृत्ती बदलली की स्थानांचे आकडेही बदलतात, त्यामुळे हे आधीच तपासलेले बरे. नंतर शोधचौकटीत जनुकाचे नाव रोमन अक्षरांत लिहावे. वरच्या पट्टीत ११ वे गुणसूत्र दिसेल आणि त्याच्या आखूड भुजेच्या टोकाजवळ एक लाल खूण असेल. या गुणसूत्रात सुमारे साडेतेरा कोटी बेस जोड्या, म्हणजे डीएनएमधील ए-टी किंवा जी-सी अशा अक्षरांच्या जोड्या, आहेत. आपले जनुक त्यांपैकी जेमतेम १,६०० जोड्यांचे आहे.

खालच्या चित्रातील जाड ठोकळे म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले एक्झॉनचे भाग, टोकांचे बारीक ठोकळे म्हणजे एक्झॉनचेच प्रथिनात न उतरणारे भाग, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा म्हणजे इन्ट्रॉन, जनुकाच्या आरएनए प्रतीतून कापून टाकले जाणारे भाग. येथे तीन एक्झॉन व दोन इन्ट्रॉन आहेत. प्रथिनाचा सगळा मजकूर ४४४ अक्षरांत मावतो, तर दुसरा इन्ट्रॉन एकटाच ८५० अक्षरांचा आहे. म्हणून इन्ट्रॉनला निरुपयोगी मात्र समजू नये: पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या अक्षरात जी ऐवजी सी आल्याने होणारा बीटा थॅलेसेमिया हा रक्तविकार भारतात सर्वाधिक आढळतो.

आता ११ व्या गुणसूत्रावरील ५२,२७,००२ या स्थानी जाऊन अक्षरे दिसेपर्यंत चित्र मोठे करावे. नवखा वाचक हमखास अडखळतो तो इथेच. पुस्तकात सिकलसेलचा बदल जीएजीचे जीटीजी होणे असा दिलेला असतो, पडद्यावर मात्र सीटीसी दिसते. जनुकावरील बाण डावीकडे वळलेले आहेत, म्हणजे ते डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट धाग्यावर आहे. तेव्हा उजवीकडून डावीकडे वाचत प्रत्येक अक्षराची जोडीदार घ्यावी, की जीएजी मिळते. मधल्या टी च्या जागी ए आला, की प्रथिनात ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. जुन्या ग्रंथांत हे स्थान सहावे आणि नव्या अहवालांत सातवे असते, कारण प्रथिनातून पुढे गळून पडणारे पहिले मिथिओनिन आता मोजणीत धरतात.

यानंतर चौकट ५२,२०,००० ते ५३,१०,००० अशी रुंद करावी. एचबीबीच्या उजवीकडे त्याचे सगळे कुटुंब दिसेल: डेल्टा, एक निकामी झालेले छद्मजनुक, गर्भावस्थेत चालणारी दोन गॅमा आणि भ्रूणावस्थेतील एप्सिलॉन. त्याही पलीकडे, जनुक दिसत नाही अशा पट्ट्यात, या सर्वांना चालू-बंद करणारा नियंत्रक भाग आहे. रिपीटमास्करची, म्हणजे पुनरावृत्ती दाखवणारी, पट्टी उघडली, की जनुकांमधल्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेत एल१ आणि अलू या जीनोममध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या अनुक्रमांचे तुकडे दिसू लागतात. एकूण जीनोमचा जवळपास निम्मा भाग अशा पुनरावृत्तींचा आहे, आणि प्रथिनांचा मजकूर जेमतेम एक ते दोन टक्के.

तुलनेसाठी शेवटी मायटोकाँड्रियाचा डीएनए उघडावा. १६,५६९ जोड्यांच्या त्या वर्तुळात ३७ जनुके एकमेकांना खेटून बसलेली आहेत, आणि इन्ट्रॉन एकही नाही.