एअर फ्रेटचं बिल वजनाच्या दुप्पट येत होतं, शेवटी सापडलं

भोसरीहून दुबईला कागदी आकाशकंदील पाठवतो, 10 खोकी, काट्यावर 90 किलो आणि बिल दरवेळी 200 किलोचं. एजंट बदलला, घासाघीस केली, फरक शून्य, डोकं उठलं नुसतं.

मग खोकं मोजलं, 60×50×40 सेंमी, गुणाकाराला 6000 ने भागलं की खोक्यामागे 20 किलो, एअरवाले हे मापावरून काढलेलं वजन आणि खरं वजन यात जे जास्त तेच धरतात (कुरिअरवाले तर बहुतेक 5000 नेच भागतात!). कंदील घडी करून उंची 20 वर आणली, बिल 100 किलोवर आलं.

त्यानंतर न्हावा शेवाहून सी फ्रेटचं कोटेशन घेतलं, तिथे हिशोब घनमीटरवर, माल 0.6 भरला तरी 1 चे पैसे लावले, वर तिकडच्या पोर्टचे चार्जेस, ते आधीच लेखी मागवा. दोन्हीची दारापर्यंतची बेरीज केली, सी स्वस्त पडलं, म्हणून आता माल जहाजाने गणपतीआधीच निघतो, उशिराच्या ऑर्डरी तेवढ्या एअरने.