स्पीडब्रेकरशी तडजोड
स्वस्तात मिळाल्या म्हणून माझ्या पोलो जीटी गाडीला लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या, आखूड) टाकल्या आणि सोलापूरच्या होटगी रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासायला लागलं. बायको म्हणाली, "बैलगाडी परवडली!" शॉकअप जुनेच, आखूड स्प्रिंगांमुळे त्यांना दबायला जागाच उरली नव्हती, गाडी सारखी बंपस्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या शेवटच्या रबरी अडथळ्यावर आदळायची.

मग कॉइलओव्हर शोधले, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच. 32 क्लिकचं डॅम्पिंग (शॉकअपचा कडकपणा 32 टप्प्यांत बदलणं) वगैरे जाहिरातीला ठीक. मी एकच बघितलं: उंची खालच्या ब्रॅकेटच्या आट्यांवर बदलते, की स्प्रिंगच्या बैठकीवर? ब्रॅकेटवर बदलली तर शॉकअपची दबायची जागा तशीच राहते. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी दांडी), तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. म्हणजे हा फायदा पुढेच. थोडे पैसे जास्त गेले, चालतंय की.

अक्कलकोट रोडच्या मिस्त्रीमामांनी बसवून दिले. मूळ उंचीपेक्षा फक्त 20 मिमी खाली, डॅम्पिंग मऊकडून चौथ्या क्लिकवर. अलाइनमेंट लगेच एकदा केली, आठवड्याने स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा. उंची हलली की टो (चाकं पुढे आत की बाहेर वळलेली) आणि कॅम्बरही (चाकांचा उभा कल) हलतात.

तुळजापूरच्या घाटात आता गाडी झुलत नाही. आट्यांना ग्रीस मात्र दर पावसाळ्याआधी लावतो.