पेडॉट-पीएसएस घरच्या लॅबमध्ये बनवताना या चुका टाळा

पेडॉट-पीएसएस हा वीज वाहणारा पॉलिमर पाण्यात विरघळतो असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात पेडॉट विरघळत नाही. पीएसएस या दुसऱ्या पॉलिमरच्या साखळ्या त्याचे बारीक कण पाण्यात धरून ठेवतात. ती पकड सुटली की बॅच दुधासारखी फाटते.

100 मिली डीआयनाइज्ड (आयन काढलेल्या) पाण्यासाठी प्रमाण असं: ईडॉट (ज्याच्या रेणूंची साखळी म्हणजे पेडॉट) 0.32 ग्रॅम, पीएसएस 0.80 ग्रॅम, ऑक्सिडायझर म्हणून सोडियम परसल्फेट 0.64 ग्रॅम आणि उत्प्रेरक म्हणून फेरिक सल्फेट 5 मिलिग्रॅम.

सगळ्यात मोठी चूक वजनकाट्यावरच होते. 0.80 ग्रॅम हे कोरड्या पीएसएसचं वजन. बाटलीत 18 टक्के द्रावण असेल तर ते 4.4 ग्रॅम लागतं. नेमकं 0.8 ग्रॅम द्रावण घातलं तर कणांना आधारच उरत नाही आणि तळाशी निळा-काळा गाळ बसतो. लेबलवर ‘सोडियम सॉल्ट’ लिहिलंय का तेही पाहा. असेल तर आधी धनायन-विनिमय रेझिनमधून (धन आयन बदलून घेणाऱ्या मण्यांमधून) काढून आम्लरूप करा.

ईडॉट पाण्यापेक्षा जड असतं. लिटरभर पाण्यात ते जेमतेम 2 ग्रॅम विरघळतं, म्हणजे इथे ते जास्तच आहे. म्हणून पीएसएसच्या पाण्यात अर्धा तास नायट्रोजन सोडून मग ईडॉट घाला आणि तळाचे थेंब दिसेनासे होईपर्यंत जोरात ढवळा. त्यानंतरच परसल्फेट आणि फेरिक सल्फेट. तापमान 20 अंशांच्या आसपास, ढवळणं 24 तास. घाईने गरम केलं तर कण मोठे होतात.

रंग फिका राहिला तर संशय जुन्या, ओल धरलेल्या परसल्फेटवर घ्या. पण अंदाजाने जास्त टाकू नका: वरचं प्रमाण ईडॉटच्या मोलमागे 1.2 मोल आहे. त्याच्या फार पुढे गेलात तर साखळीच जास्त ऑक्सिडाइझ होते आणि वाहकता पडते.

उरलेले सोडियम आणि सल्फेट आयन काढायला धनायन आणि दुर्बळ आम्लारीधर्मी ऋणायन रेझिन, प्रत्येकी 10 मिली, आधी नीट धुऊन, रात्रभर बॅचमध्ये ठेवा. नंतर 0.45 मायक्रॉनचा फिल्टर.

वाळलेल्या थरातून (फिल्ममधून) वीज वाहतच नाही? बहुधा वाहकता वाढवणारं डीएमएसओ हे द्रावक घालायचं राहिलं. 5 टक्के घालून, 120 ते 140 अंशांवर 15 मिनिटं वाळवा. वाहकता शेकडो पटींनी वाढू शकते. पाण्यात फिल्म सुटत असेल तर 1 टक्का जीओपीएस (साखळ्या एकमेकींना जोडणारं सिलेन) घाला, वाहकता थोडी घटेल हे धरून.

बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठून फाटलेली बॅच ढवळून परत येत नाही.