अँझॅक बिस्किटं बिघडतात कुठे? या चुका टाळा

अँझॅक बिस्किटं, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची ओट्स-खोबऱ्याची बिस्किटं, पुण्यात पहिल्यांदा केली तेव्हा ट्रेवर बारा गोळे ठेवले होते आणि बाहेर निघाली एकच सलग पापडी. कृती जावेची, मेलबर्नहून फोनवर लिहून घेतलेली. तिच्याकडे ही बिस्किटं हमखास जमतात. चार-पाचदा करून पाहिल्यावर लक्षात आलं, मी नानकटाईच्या सवयीने हात चालवत होते. दोन्ही बिनअंड्याची, दोन्हींत सोडा, दोन्हींचे गोळे वळायचे. पण करण्याची रीत अगदी वेगळी.

‘अँझॅक’ हे नाव पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्यदलाचं. २५ एप्रिल १९१५ रोजी हे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. तो दिवस दोन्ही देश आजही पाळतात आणि त्या सुमारास ही बिस्किटं आवर्जून केली जातात. ऑस्ट्रेलियात ‘अँझॅक’ शब्दाच्या वापरावर १९२१ पासून कायद्याचं बंधन आहे. या नावाने बिस्किटं विकायची तर ती मूळ कृतीला धरून असावी लागतात आणि त्यांना ‘कुकी’ म्हणायचं नसतं. चॉकलेट चिप्स घालाव्याशा वाटल्या तर जरूर घाला, पण मग नाव दुसरं द्या. ज्या माणसांच्या आठवणीत हा पदार्थ होतो, त्यांचा एवढा मान राखायलाच हवा.

माझं प्रमाण असं: रोल्ड ओट्स, मैदा आणि डेसिकेटेड कोकोनट प्रत्येकी १ कप, साखर पाऊण कप, बटर १२५ ग्रॅम, गोल्डन सिरप (साखरेचा दाट सोनेरी पाक) ४० मिली, खाण्याचा सोडा अर्धा टीस्पून, उकळतं पाणी २० मिली.

मिली मुद्दाम लिहिलं आहे. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलीचा असतो, आपल्याकडे मिळणारा १५ चा. तिथल्या कृतीतले ‘दोन चमचे सिरप’ आपल्या चमच्याने घातले की दहा मिली कमी पडतं. मग गोळा वळत नाही, हातात भुगा राहतो. असं झालं तर मैद्याला दोष न देता चमचाभर गरम पाणी शिंपडा आणि पुन्हा मळा.

लोणी फेसायचं नाही, वितळवायचं

नानकटाईत तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसतो. इथे बटर आणि सिरप मंद आचेवर फक्त वितळवायचं. उकळू द्यायचं नाही, नाहीतर पाणी उडून जातं आणि मिश्रण कोरडं पडतं. बटरऐवजी तेवढंच तूप घालणं ही त्याहून मोठी चूक. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नाहीच. १२५ ग्रॅमच्या जागी १२५ ग्रॅम तूप म्हणजे स्निग्धांश जास्त आणि ओलावा कमी. बिस्किट पसरतं, बोटांना तूप लागतं आणि उचलताना मोडतं. माझी पापडी झाली ती यानेच. तूपच वापरायचं असेल तर १०० ग्रॅम घ्या आणि पाणी चमचाभर वाढवा.

सोडा कोरडा मिसळू नका

सोडा उकळत्या पाण्यात विरघळवून गरम बटर-सिरपमध्ये ओता. सिरपच्या किंचित आंबटपणाशी गाठ पडताच तो भसाभसा फेसाळून वर येतो, म्हणून पातेलं मोठं घ्या. फेस सोनेरी आणि दाट असतानाच ओट्सच्या मिश्रणावर ओतून लगेच कालवा. फोन आला म्हणून पाच मिनिटं थांबलात तर तो बसतो आणि बिस्किटंही चपटी बसतात. फेसच आला नाही तर सोडा जुना झाला आहे. आणखी सोडा घालून भरपाई करायला जाऊ नका, साबणासारखी चव येते.

ओट्स रोल्डच हवेत. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स सगळा ओलावा पिऊन टाकतात आणि बिस्किट केकसारखं लागतं. ओला नारळ तर अजिबात नको. त्याच्या पाण्याने बिस्किटं मऊ पडतात आणि चार दिवसांत बुरशी धरते. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस चालतो, पण तो ताजा हवा. खवट खोबरं साखरेने झाकलं जात नाही.

गोल्डन सिरप मिळालं नाही तर काकवी घेता येते. रंग गडद येतो, चवीला गुळाचा खमंगपणा येतो, मला तो आवडतो. पण काकवीची बिस्किटं लवकर करपतात, म्हणून तापमान दहा अंशांनी कमी ठेवा.

कडक होण्याची वाट पाहू नका

ओव्हन १६० अंशांवर आधी तापवा. अक्रोडाएवढे गोळे, दोन गोळ्यांत चार बोटं अंतर. बारा मिनिटांनी कडा तांबूस झालेल्या असतील आणि मधे बोट टेकवलं तर खड्डा पडेल. काढायची वेळ हीच. तिथे मन कचरतं, आणखी पाच मिनिटं ठेवावीशी वाटतात, आणि गार झाल्यावर दात दुखतात. बाहेर काढून पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर काढा. दुसरा घाणा तापलेल्या ट्रेवर टाकू नका. भाजायला सुरुवात होण्याआधीच बटर सुटतं आणि गोळे ओघळतात.

ओट्सच्याच दुसऱ्या एका पदार्थाला, इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या पार्किनला, मात्र उलटा नियम: तिथे वाट पाहावीच लागते. ओटमील (भरडलेले ओट्स) आणि काळ्या ट्रीकलचा (काकवीसारख्या गडद पाकाचा) हा केक ताजा खाल्ला तर कोरडा, चिवट लागतो. गुंडाळून चार-पाच दिवस ठेवला की ओलसर होतो. ५ नोव्हेंबरच्या शेकोटीच्या रात्रीसाठी तो आधीच करून ठेवतात. त्यात काकवी फार छान मिसळते. ब्रिटिश फ्लॅपजॅक, म्हणजे ओट्सच्या वड्या, करताना घाई नडते. भाजल्यावर गरम असतानाच सुरीने रेघा मारा आणि पूर्ण गार झाल्यावर तोडा, अगदी चिक्कीच्या वड्यांसारखं. गरम तोडल्या तर भुगा होतो, रेघा न मारता गार केल्या तर वेडेवाकडे तुकडे पडतात.

अँझॅक बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. आतल्या वाफेने पहिल्याच रात्री सादळतात. पावसाळ्यात सादळलीच तर १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून जाळीवर गार करा. पुन्हा कडा कुरकुरीत होतात.