रेकॉर्डवर तयार झालेल्या हातासाठी डीजे कंट्रोलर

कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हाताने वाजवायचं, दोन चाकं आणि मिक्सर एकत्र असलेलं यंत्र, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, दोन चॅनेल की चार? मग पॅड किती, इफेक्ट किती, दिवे कसे. तुम्ही वर्षानुवर्षं रेकॉर्डवर मिक्स करत असाल तर हे सगळं शेवटी बघा. तुमच्याकडे एक गोष्ट आधीपासून आहे, ती म्हणजे तयार हात. ठोका कानाने जुळवणारा, प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या) कडेला बोट टेकवून गाणं केसभर मागे ओढणारा. बाजारातले बहुतेक कंट्रोलर अशा हाताचा विचार करून बनवलेले नसतात, म्हणून निवड हातापासून सुरू करावी असं मी सांगते.

आधी स्वतःला वाजवताना बघा. मी हाऊस आणि डिस्को वाजवते. दोन गाणी दीड-दोन मिनिटं एकमेकांत ठेवते, स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासणं, जवळपास करत नाही. माझा एक जुना मित्र हिप-हॉपवाला आहे. त्याचा एक हात रेकॉर्डवर, दुसरा क्रॉसफेडरवर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या आडव्या सरकपट्टीवर), आणि पिच फेडरकडे, म्हणजे गाण्याचा वेग बदलणाऱ्या सरकपट्टीकडे, तो क्वचितच बघतो. आम्हा दोघांना एकच यंत्र सुचवणारा माणूस आमच्यापैकी एकाला फसवतोय हे नक्की. तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते ठरलं की अर्धी यादी आपोआप गळते.

फिरणारी तबकडी हवी का?

कंट्रोलरच्या जॉग व्हीलमध्ये, म्हणजे रेकॉर्डच्या जागी असलेल्या चाकात, बहुधा मोटर नसते. गाणं चालू असताना चाक स्थिर असतं. वरच्या पृष्ठभागाला हात लागला की सॉफ्टवेअर समजतं, रेकॉर्ड धरली. बाजूची कड फिरवली की समजतं, हलका धक्का दिला. इथेच रेकॉर्डवाल्यांचा पहिला गोंधळ होतो. टर्नटेबलवर पुढे पळणारं गाणं आवरायला आपण लेबलवर बोट हलकंच टेकवतो, नाहीतर मधली खुंटी चिमटीत धरतो. त्याच सवयीने जॉगच्या वर बोट टेकवलं की मिक्स ऐन रंगात असताना गाणं जागीच थांबतं. उपाय सोपा आहे: व्हायनल मोड बंद करा. मग जॉगचा सगळा पृष्ठभाग फक्त धक्का देतो, थांबवत नाही. लांब मिक्स करणाऱ्याने हे बटण कुठे आहे ते घेण्याआधीच शोधून ठेवावं. काही कंट्रोलरवर ते शिफ्टबरोबर दाबावं लागतं, काहींवर फक्त सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये असतं.

मोटरवाले कंट्रोलर मोजकेच आहेत. न्यूमार्कने २००९ मध्ये एनएस७ आणला. आज रेन वन आणि पायोनियर डीजेचा डीडीजे-रेव्ह७ ही नावं लोकांच्या तोंडी असतात. तिन्हींवर सात इंचाच्या आसपासची फिरती तबकडी आणि तिच्यावर स्लिपमॅटसारखी (रेकॉर्डखाली ठेवायच्या घसरत्या कापडासारखी) घसरण आहे. ट्रॅक्टर या डीजे सॉफ्टवेअरच्या कंट्रोल एस४ एमके३ मध्येही जॉगला मोटर आहे. लॅपटॉपच नको असेल तर डेनॉनचा एससी६००० एम हा साडेआठ इंची मोटरवाला प्लेअर आहे, पण दोन प्लेअर आणि वेगळा मिक्सर घ्यावा लागतो.

स्क्रॅच करणाऱ्याला मी मोटरच सांगेन. रेकॉर्ड सोडल्यावर ती बोटांखालून पुन्हा वेग घेते, त्या ओढीवर त्याचं निम्मं तंत्र उभं असतं. ती ओढ स्थिर चाकातून मिळत नाही. फक्त आकाराचा फरक लक्षात घ्या. बारा इंची रेकॉर्डच्या कडेला पाव फेरी म्हणजे हात सुमारे २४ सेंटिमीटर फिरतो. सात इंचावर तेच अंतर १४ सेंटिमीटर होतं, पाच इंची जॉगवर जेमतेम १०. आवाज तोच हवा असेल तर हालचाल त्या प्रमाणात लहान करावी लागते, आणि सुरुवातीला प्रत्येक स्क्रॅच लांबलेला ऐकू येतो. मोटरबरोबर वजनही येतं: रेन वन दहा किलोच्या पुढे आहे आणि तो लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत नाही, स्वतंत्र वीजजोडणी लागते.

लांब मिक्स करणाऱ्याला मोटर ही चैन आहे, गरज नाही. त्याने मोठा जॉग बघावा. डीडीजे-१००० किंवा डीडीजे-एफएलएक्स१० यांचे जॉग आठ इंचाच्या घरातले आहेत. डीडीजे-१००० वर चाक किती जड फिरावं तेही बदलता येतं. मी ते जडच ठेवते.

पिच फेडर: इथे वेळ घालवा

या भागाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते रेकॉर्डवाल्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ वर, म्हणजे १९७९ पासून, अधिक-उणे आठ टक्क्यांचा लांब, सरळ फेडर आहे, साधारण शंभर मिलिमीटरचा. आपली बोटं त्या लांबीवर शिकली आहेत. लहान कंट्रोलरवर साठ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड फेडर सर्रास दिसतो.

फरक किती पडतो ते मोजून बघा. शंभर मिलिमीटरच्या फेडरवर अधिक-उणे आठ टक्के म्हणजे दर मिलिमीटरला ०.१६ टक्के. एक मिलिमीटर चुकलात तर मिनिटाभरात दोन गाणी सुमारे ९६ मिलिसेकंदांनी सरकतात. साठ मिलिमीटरच्या फेडरवर तेवढीच चूक १६० मिलिसेकंदांवर जाते. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात, आणि वीस-तीस मिलिसेकंदांच्या फरकानेच किक (मोठ्या ड्रमचा ठोका) दुहेरी वाजायला लागते. मिनिटभराच्या मिक्समध्ये कोणता फेडर तुमच्या हाताला सारखं जॉगकडे धाव घ्यायला लावेल हे वेगळं सांगायला नको.

लांबीइतकाच महत्त्वाचा आहे बारकावा. कंट्रोलर सॉफ्टवेअरशी मिडी नावाच्या संदेशांतून बोलतो, आणि साधा मिडी संदेश ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या पाठवतो. सोळा टक्क्यांचा पल्ला त्यात वाटला तर एक पायरी जवळपास ०.१३ टक्क्यांची होते, म्हणजे पुन्हा मिनिटाला ७५ मिलिसेकंदांची ओढ, आणि मधली जागा मिळतच नाही. चांगले कंट्रोलर पिचसाठी चौदा बिटांचा संदेश वापरतात, त्यात सोळा हजारांहून जास्त पायऱ्या असतात. तपासायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. पडद्यावर पिचचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दिसेल असं करा आणि नखाने फेडर अगदी हळू ढकला. आकडा ०.०१, ०.०२ असा सरकला तर ठीक. ०.१२ वरून थेट ०.२५ वर उडी मारली तर तो कंट्रोलर कितीही देखणा असो, तिथेच ठेवून द्या.

मी आणखी एक चाचणी करते, ती रेकॉर्डवर शिकलेलीच आहे. एकच गाणं दोन्ही डेकवर लावा. सिंक (सॉफ्टवेअरने आपोआप ठोका जुळवणं) बंद, की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद. एका डेकचा पिच अंदाजे अधिक तीनवर न्या, पडदा झाका आणि दुसरा डेक कानाने जुळवा. दोन्ही अगदी एकत्र आले की हाय-हॅटमध्ये (ड्रमसंचातल्या झांजांमध्ये) पोकळ, सूंऽऽ असा आवाज घुमतो. आता हात मागे घ्या आणि ऐकत राहा. तो आवाज बराच वेळ जागेवर राहिला तर फेडरने तुमचं ऐकलं. तो भराभर सरकून किक फुटायला लागली की फेडरला एक मिलिमीटरचाही नाही, अर्ध्या मिलिमीटरचा धक्का द्या आणि परत ऐका. पाच-सहा वेळा प्रयत्न करूनही मधली जागा सापडत नसेल तर दोष तुमच्या हाताचा नाही. मध्यभागी शून्याजवळही फेडर हलवून बघा. तिथे खाच किंवा मेलेली जागा असेल तर अधिक-उणे अर्ध्या टक्क्यातली गाणी जुळवताना ती रोज छळते.

पल्ला सॉफ्टवेअरमध्ये अधिक-उणे आठवर लावा. काही यंत्रं सहा, दहा, सोळा अशी पावलं देतात, तिथे मी सहा निवडते. पन्नास टक्के फक्त ३३ ची रेकॉर्ड ४५ वर वाजवल्याचा परिणाम हवा असेल तेव्हा: तो अधिक ३५ टक्के असतो. की-लॉकचंही एक ध्यानात ठेवा. रेकॉर्डवर वेग सहा टक्क्यांनी वाढवला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो, आणि कोणती गाणी एकमेकांत बसतात हे तुम्ही त्या चढ-उतारासकट शिकला आहात. की-लॉक चालू राहिला तर जुन्या जोड्या बेसूर लागतील. शिवाय मोठ्या बदलाला किकची धारही बोथट होते. मी तो बंद ठेवते आणि एखाद्या गाण्यातला आवाज फारच चिरका लागला तरच चालू करते.

मांडणी, क्रॉसफेडर, आणि बाकीचं

स्क्रॅचवाले टर्नटेबल नव्वद अंशात फिरवून ठेवतात, म्हणजे पिच फेडर लांबच्या बाजूला आडवा येतो आणि मनगटाला लागत नाही. बहुतेक कंट्रोलरवर फेडर जॉगच्या उजवीकडे उभा असतो. डाव्या डेकवर तो नेमका तबकडी आणि मिक्सरच्या मध्ये येतो, आणि हात ओलांडताना बाही लागून वेग बदलतो. पायोनियरच्या रेव्ह मालिकेत, स्वस्तातल्या रेव्ह१ पासून, फेडर वर आडवा आहे. मोटर परवडत नसलेल्या स्क्रॅचवाल्याला मी तिथून सुरुवात करायला सांगेन.

क्रॉसफेडरबद्दल मित्राचं मत माझ्यापेक्षा वजनदार. तो म्हणतो, घासणारा नको, चुंबकीय हवा, वळण एकदम तीव्र करता आलं पाहिजे आणि कडेपासून आवाज उघडायला लागणारं अंतर कमीत कमी हवं. मी क्रॉसफेडर बंदच ठेवते. मला चॅनेल फेडरची लांबी आणि ईक्यूच्या (बेस, मध्य आणि तीव्र आवाज कमी-जास्त करायच्या) गाठींमधली जागा बघायची असते, कारण दोन गाण्यांचा बेस अदलाबदल करताना दोन चिमट्या शेजारी शेजारी मावल्या पाहिजेत.

बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांनी पाठवतो त्यांचा आकार, २५६ सॅम्पलवर ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्‌झला त्याचा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत राहतो. लॅपटॉप दम धरत असेल तर १२८ करा.

टर्नटेबल विकू नका, निदान इतक्यात

घरी दोन चांगली टर्नटेबल असतील तर कदाचित तुम्हाला कंट्रोलर नकोच आहे. टाइमकोडची रेकॉर्ड घ्या. तिच्यात संगीत नसतं, एक ठरावीक सूर कोरलेला असतो. सुई तो वाचते आणि सॉफ्टवेअरला वेग, दिशा आणि जागा कळते, त्यानुसार फाइल वाजते. सेराटो ही सॉफ्टवेअर कंपनी आणि रेन यांनी स्क्रॅच लाइव्ह २००४ मध्ये आणलं तेव्हापासून ही पद्धत क्लबमध्ये रुळली. हाताला काहीच नव्याने शिकावं लागत नाही. गैरसोयी जुन्याच राहतात: सुई उडते, धूळ बसते, टाइमकोडची रेकॉर्ड झिजते, बेस मोठा झाला की टेबल थरथरतं.

मधला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. असा कंट्रोलर घ्या ज्याच्या मागे फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबल थेट जोडायची जागा, आहेत. रेन वन, रेव्ह७, डीडीजे-१००० या सगळ्यांवर ते आहेत, एफएलएक्स४ सारख्या लहानांवर नाहीत. नीट बघा, लाइन इनपुट म्हणजे फोनो नव्हे. कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात आणि त्यांना आरआयएए भरपाई (रेकॉर्ड कोरताना दाबलेला बेस परत उचलणारी दुरुस्ती) लागते, नाहीतर आवाज पातळ आणि बेस गायब. शेजारी अर्थिंगचा स्क्रूही हवा, तो नसला तर गुंगुं थांबत नाही. फोनो असला की टाइमकोडही चालतोच असं नाही. त्याची परवानगी सोबत मिळते की वेगळी विकत घ्यावी लागते ते सॉफ्टवेअर कंपनीच्या यादीत पाहा. पैसे न घालता टाइमकोड अनुभवायचा असेल तर मिक्स (Mixxx) नावाचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तो वाचतं.

सिंकविषयी माझा विरोध तत्त्वाचा नाही, उपयोगाचा आहे. सत्तरच्या दशकातल्या डिस्को आणि फंकमध्ये ढोल माणसाने वाजवलेले आहेत, त्यांचा वेग ओळीओळीला हलतो. स्वतःच्या रेकॉर्डवरून फाइल बनवली असेल तर त्यात टर्नटेबलचं हेलकावणंही येतं. सॉफ्टवेअर त्यांच्यावर सारख्या अंतराच्या ठोक्यांची सरळ जाळी टाकतं आणि तिसाव्या सेकंदाला किक जाळीबाहेर गेलेली असते. अशा गाण्यांना हातच लागतो, आणि तुमच्याकडे तो आहे. म्हणून पहिले काही आठवडे बीपीएमच्या आकड्यावर चिकटपट्टी लावा, लाटांचं चित्र बंद करून फक्त गाण्यांची यादी दिसेल असं ठेवा आणि मिक्स हेडफोनमध्ये जुळवा.

वापरलेला कंट्रोलर घेणार असाल तर त्याचं ड्रायव्हर तुमच्या आत्ताच्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालतं का ते पैसे देण्याआधी बघा. एनएस७ सारख्या जुन्या मोटरवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं. मग दोन्ही तबकड्या दहा मिनिटं रिकाम्या फिरू द्या आणि मोटरचा आवाज ऐका. फेडर वरपासून खालपर्यंत सरकवताना आकडा कुठे थरथरतो का ते पाहा, हेडफोनचं भोक हलवून खरखर तपासा. स्वतःच्या रेकॉर्डवरची दोन गाणी पेनड्राइव्हवर सोबत न्या, दुकानातली नको.